दूध-दही न खाणाऱ्या मुलाचं पोट आणि प्रोबायोटिक्स



दहावीच्या विज्ञानात सूक्ष्मजीवशास्त्राच्या पाठात प्रोबायोटिक्स हा शब्द येतो. पाठात त्यांची ओळख दुग्धजन्य पदार्थ म्हणून होते आणि पाठोपाठ लॅक्टोबॅसिलस, बायफिडोबॅक्टेरियम अशी नावं येतात. मुलं नावं पाठ करतात, परीक्षेत लिहितात, विषय संपतो. पण आता जवळजवळ प्रत्येक वर्गात एखादं तरी मूल असं असतं की ज्याला दूध पचत नाही, किंवा दुधाची ॲलर्जी आहे, किंवा ज्याच्या घरी दूध, दही, तूप सगळंच बंद करून निव्वळ वनस्पतिजन्य आहार सुरू झालेला आहे. अशा मुलाचा प्रश्न सरळ असतो : आम्ही दही खात नाही, मग आमच्या पोटातल्या चांगल्या जिवाणूंचं काय? पालकांचा प्रश्न त्याहून सरळ असतो : कुठली कॅप्सूल घ्यायची?

कॅप्सूलकडे येऊच. पण आधी पोटात कोण राहतं आणि ते काय खातं, हे बघायला हवं. ते कळलं की दह्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आपोआप मिळतं.

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू असतात असा २०१६ सालचा अंदाज आहे. आपल्या स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी. (जिवाणू आपल्या पेशींच्या दहापट असतात हे वाक्य अजून अनेक पुस्तकांत आणि स्लाइड्सवर दिसतं. तो जुना अंदाज आता मागे पडला आहे, वर्गात सांगताना दुरुस्त करून सांगावा.) यातले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात असतात. जठरातल्या आम्लात फारसे टिकत नाहीत आणि लहान आतड्यातून अन्न तुलनेनं भराभर पुढे सरकतं. मोठ्या आतड्यात मात्र ते बराच वेळ रेंगाळतं, तिथे जिवाणूंची वस्ती दाट असते.

आता त्यांचं जेवण. पिष्ट, साखर, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ यांचं पचन आणि शोषण लहान आतड्यातच बहुतेक उरकतं. मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो तो मुख्यतः आपल्या विकरांना न पचलेला भाग, म्हणजे तंतुमय पदार्थ, ज्याला आपण घरात चोथा म्हणतो. हा चोथा जिवाणू आंबवतात आणि त्यातून काही छोटी मेदाम्लं तयार होतात. त्यातलं ब्युटिरेट सगळ्यात महत्त्वाचं, कारण मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी आपली बहुतांश ऊर्जा रक्तातल्या साखरेऐवजी या ब्युटिरेटपासून घेतात. शिवाय या आम्लांमुळे आतड्यातलं वातावरण थोडं आंबट राहतं आणि रोगकारक जिवाणूंना तिथे पाय रोवणं अवघड जातं. चोथा मिळालाच नाही तर काय होतं? उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की काही जिवाणू मग आतड्याच्या अस्तरावरचा श्लेष्माचा थरच खायला लागतात.

इथे एक साधी गोष्ट लक्षात घ्या. तंतू फक्त वनस्पतींत असतात. दूध, दही, अंडी, मांस यांत ते जवळजवळ शून्य. म्हणजे ज्या घरी दही बंद झालं, त्या घरी जिवाणूंच्या ताटातला एक ग्रॅमही कमी झालेला नाही.

पण वनस्पतिजन्य म्हणजे तंतुमय असं समजायचं कारण नाही. मैद्याची बिस्किटं, पांढरा पाव, नूडल्स, बटाट्याचे चिप्स हे सगळं वनस्पतीपासूनच येतं. उपवासाचा साबुदाणासुद्धा, तो तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. डब्यात रोज हेच जात असेल तर आहार कागदावर शंभर टक्के वनस्पतिजन्य आणि मोठं आतडं उपाशी.

आकडेमोड करून बघा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या शिफारशीनुसार २ ते ५ वर्षांच्या मुलांना दिवसाला किमान १५ ग्रॅम, ६ ते ९ वर्षांच्या मुलांना २१ ग्रॅम आणि १० वर्षांपासून पुढे २५ ग्रॅम तंतू अन्नातून मिळायला हवेत. आपल्या धान्यांत १०० ग्रॅम पिठामागे ज्वारीत सुमारे १०, बाजरीत आणि नाचणीत सुमारे ११, चाळून कोंडा न काढलेल्या गव्हाच्या कणकेतही सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात. मैद्यात आणि पांढऱ्या तांदळात पावणेतीनच्या आसपास. अख्खे हरभरे २५ पर्यंत जातात. फळांत पेरू बराच पुढे आहे, १०० ग्रॅमला साडेआठ. सफरचंद त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. पेरू स्वस्त आहे म्हणून त्याला कोणी भाव देत नाही, हा भाग वेगळा.

आता पाचवीतल्या मुलीचं ताट मांडा. प्रत्येकी ५० ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्या : १० ग्रॅम. लहान वाटीभर मटकीची उसळ : चार-पाच. एक मध्यम पेरू : आठ. गवार, भेंडी किंवा एखादी पालेभाजी : तीन. झाले पंचवीस. यात कुठलाही महागडा पदार्थ नाही आणि दही-दूधही नाही. हीच आकडेमोड मुलांना त्यांच्या स्वतःच्या कालच्या जेवणावर करायला लावा. सरासरी, शेकडेवारी, वर्गीकरण असं गणितही त्यात होऊन जातं. फक्त कोणाच्या डब्याची वर्गात तुलना होणार नाही एवढी काळजी घ्या. आकडे ज्याच्या त्याच्या वहीत राहू देत.

लहान मुलांच्या पालकांसाठी एक सावधगिरी. तीन-चार वर्षांच्या मुलाचं पोट लहान असतं. नुसता चोथा भरला तर पोट लवकर भरतं आणि ऊर्जा कमी पडते. म्हणून भाकरीबरोबर शेंगदाण्याची किंवा तिळाची चटणी, तेलाची धार, ओलं खोबरं हे हवंच. आणि तंतू वाढवायचे तर आठवड्या-आठवड्यानं वाढवा, पाणीही वाढवा.

एकदम वाढवले तर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे : गॅस. कडधान्यांत रॅफिनोजसारख्या काही शर्करा असतात. त्या तोडणारं विकर आपल्या आतड्यात नाही, म्हणून त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात आणि जिवाणू त्यांवर तुटून पडतात. तो गुडगुड आवाज म्हणजे त्यांची पंगत बसलेली असते. रोज थोडं थोडं खाल्लं की बऱ्याच जणांचा त्रास काही आठवड्यांत कमी होतो. भिजवून पाणी फेकून दिलं, मोड आणले, की या शर्कराही कमी होतात.

एकाच धान्यावर, एकाच भाजीवर राहू नये हेही खरं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अमेरिकन गट प्रोजेक्ट’ या मोठ्या पाहणीत, आठवड्यात ३० पेक्षा जास्त प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या पोटातले जिवाणू दहा किंवा त्याहून कमी प्रकार खाणाऱ्यांपेक्षा अधिक विविध असल्याचं दिसलं. तीस हा आकडा ऐकून घाबरू नका. कोथिंबीर, कढीपत्ता, जिरं, तीळ, लसूण, खोबरं मोजलं तर भोगीच्या एका भाजीतच निम्मी मजल मारली जाते.

मग प्रोबायोटिक म्हणजे नक्की काय?

तीन शब्दांची सरमिसळ होते, ती सोडवू. जिवाणूंचं अन्न म्हणजे प्रीबायोटिक. वर बोललो त्यातले अनेक तंतू यात येतात. जिवाणूंनी किंवा यीस्टनं आंबवून तयार झालेलं ते आंबवलेलं अन्न. आणि प्रोबायोटिक या शब्दाला २००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी ठरवून दिलेल्या अर्थानुसार सूक्ष्मजीव जिवंत हवेत, पुरेशा संख्येनं पोटात जायला हवेत आणि त्यांचा आरोग्याला फायदा झाला पाहिजे. आपल्या देशातल्या नियमानुसार प्रोबायोटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नाच्या रोजच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात.

या व्याख्येवर इडली घासून बघा. उडीद-तांदळाचं पीठ रात्रभर आंबतं, ते ल्युकोनोस्टॉकसारखे जिवाणू डाळीबरोबरच आलेले असतात, वेगळं विरजण लागत नाही. सकाळी पिठात जिवाणूंची गर्दी असते. मग आपण ते वाफवतो आणि सगळी गर्दी संपते. इडली आंबवलेली आहे, प्रोबायोटिक नाही. ढोकळा, डोसा, सोयाबीनचं टेंपे यांचंही तेच. आणि सोडा घालून फुगवलेला झटपट ढोकळा तर आंबवलेलाही नाही. तरी इडली वाया गेली असं नाही. आंबवताना जिवाणूंनी पिठातलं फायटेट बरंच तोडलेलं असतं. हे फायटेट धान्य-कडधान्यांतलं लोह आणि जस्त धरून ठेवतं, आपल्याला शोषू देत नाही. वनस्पतींवरच भिस्त असलेल्या मुलासाठी, विशेषतः वयात येणाऱ्या मुलीसाठी, हा फायदा मोठा आहे. वर लिंबू पिळलं तर लोह आणखी चांगलं शोषलं जातं.

(प्रयोग करायचा तर इडलीचं पीठ दोन अरुंद तोंडाच्या बाटल्यांत अर्ध्यापर्यंत भरा, तोंडाला फुगे लावा, एक बाटली फ्रिजमध्ये आणि एक बाहेर ठेवा. दुसऱ्या दिवशी फुगे आणि निळा लिटमस दोन्ही बोलतात.)

प्रोबायोटिक म्हटलं की दूधच का आठवतं? त्याला इतिहास आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले एली मेचनिकॉफ यांनी १९०७ सालच्या आपल्या पुस्तकात बल्गेरियातल्या शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचा संबंध त्यांच्या आंबट दुधाशी जोडला. त्यातला जिवाणू स्तामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन संशोधकानं १९०५ साली शोधला होता. मेचनिकॉफ यांना १९०८ साली नोबेल मिळालं, पण ते दह्यासाठी नव्हे, रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. नाव मोठं असल्यानं दह्याची कल्पनाही चालली. पुढे कळलं की तो बल्गेरियन जिवाणू माणसाच्या आतड्यात मुक्काम करतच नाही, येतो आणि निघून जातो.

जिवाणूंच्या बाजूनं पाहिलं तर दुधाशिवाय त्यांचं काही अडत नाही. लॅक्टोबॅसिलस प्लॅन्टॅरम या नावातच वनस्पती आहे; आंबवलेल्या भाज्यांत तो हमखास सापडतो. जुलाबासाठी डॉक्टर देतात त्या पुड्यांत सॅकरोमायसिस बुलार्डी हे यीस्ट असतं. फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी बुलार यांना ते १९२० च्या दशकात आग्नेय आशियातल्या लिची आणि मँगोस्टीन या फळांवर मिळालं.

तर जिवंत जिवाणू असलेला, दूध नसलेला पदार्थ घरी कोणता करता येईल? मला सगळ्यात सोपी वाटते ती उत्तर भारतातली गाजराची कांजी. (आपल्याकडे कांजी म्हणजे भाताची पेज किंवा कपड्यांची खळ, ही वेगळी.) उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, पाव किलो गाजर आणि थोडं बीट यांचे बोटाएवढे तुकडे, २० ग्रॅम मीठ आणि दोन मोठे चमचे मोहरीची पूड. काचेच्या स्वच्छ बरणीत भरून तोंडाला फडकं बांधा आणि तीन-चार दिवस उबेला ठेवा, रोज लाकडी चमच्यानं ढवळा. पाणी छान आंबट झालं की फ्रिजमध्ये ठेवा. बुरशी आली किंवा वास बिघडला तर सरळ टाकून द्या, वरचं काढून खालचं वापरायचं नाही. मुलांना पाव कपापेक्षा जास्त देऊ नका, कारण शंभर मिलिलिटरमध्ये दोन ग्रॅम मीठ आहे.

आपली आंबील? नाचणीचं किंवा ज्वारीचं पीठ रात्रभर आंबवून सकाळी शिजवतात, म्हणजे तिथे इडलीसारखंच होतं. जिवंत जिवाणू मिळतात ते नंतर घातलेल्या ताकातून. ताक नको असेल तर शेंगदाण्याच्या किंवा सोयाबीनच्या दुधाचं दही लावून ते घुसळता येतं. लोणच्याबद्दल मात्र फार बोललं जातं. आपलं कैरीचं लोणचं टिकतं ते भरपूर मीठ, आंबटपणा आणि तेल यांमुळे. सूक्ष्मजीव वाढू नयेत हाच त्यातला हेतू असतो. फोडीभर लोणचं आवडीनं खावं, पण प्रोबायोटिक म्हणून वाढू नये. ओडिशा-बंगालमध्ये रात्रभर पाण्यात आंबवलेला भात खातात, त्यात जिवाणू जिवंत असतात. पण शिजलेला भात उन्हाळ्यात बाहेर राहिला तर उलट्या घडवणारा जिवाणूही त्यात वाढू शकतो. म्हणून डब्यासाठी उरलेला भात लवकर गार करून फ्रिजमध्येच ठेवावा. गार झालेल्या भातातलं थोडं पिष्ट न पचणाऱ्या रूपात जातं आणि तेही जिवाणूंच्या कामी येतं, तेव्हा फोडणीचा भात अगदीच टाकाऊ नाही.

आंबवलेल्या अन्नाची बाजूही ऐका. स्टॅनफर्ड विद्यापीठात ३६ जणांवर केलेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आंबवलेलं अन्न वाढवणाऱ्यांच्या पोटातली जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातल्या दाहाच्या खुणा कमी झाल्या. नुसते तंतू वाढवलेल्या गटात तेवढ्या काळात विविधता वाढली नाही. त्या प्रयोगातल्या आंबवलेल्या पदार्थांत दहीही होतं. माझं मत असं की रोजची भाकरी-उसळ हा पाया आणि कांजीसारखं काहीतरी अधूनमधून तोंडी लावायला. पण प्रयोग छोटा असला तरी तोंडी लावणं सोडू नये, एवढं तो नक्की सांगतो.

कॅप्सूल आणि पुड्या

प्रोबायोटिक औषधं थोतांड आहेत असं म्हणणं चुकीचं ठरेल. ओडिशातल्या खेड्यांत साडेचार हजारांहून अधिक नवजात बाळांवर एक अभ्यास झाला, तो २०१७ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. वर सांगितलेला प्लॅन्टॅरम जिवाणू आणि त्याचं अन्न असलेली शर्करा असं मिश्रण बाळांना आठवडाभर दिलं. पहिल्या दोन महिन्यांत जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. पण इथे जिवाणूचा विशिष्ट वाण, ठरलेली मात्रा, ठरलेलं वय आणि ठरलेला धोका होता. दुकानातली कुठलीही बाटली हे काम करेल असा अर्थ त्यातून निघत नाही.

उलट बाजूचे पुरावेही आहेत. जुलाब-उलट्या झालेल्या लहान मुलांना एक अतिशय प्रसिद्ध लॅक्टोबॅसिलस देऊन अमेरिकेत मोठी चाचणी झाली. २०१८ साली आलेल्या निष्कर्षात तो जिवाणू घेणारी आणि नुसती बिनऔषधी पुडी घेणारी मुलं यांत फरक दिसला नाही. त्याच वर्षी इस्रायलमधल्या एका छोट्या प्रयोगात, प्रतिजैविकांनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यातले मूळचे जिवाणू परतायला उलट जास्त वेळ लागला. म्हणून ‘अँटिबायोटिक घेतलंय ना, मग ही कॅप्सूल पण देऊन टाक’ असं घरच्या घरी ठरवू नका, डॉक्टरांना विचारा. मुलाला जुलाब झाले तर पहिलं काम ओआरएस. डॉक्टरांच्या सल्ल्यानं जस्ताच्या गोळ्या १४ दिवस. पुडीचा नंबर त्यानंतर. फार अशक्त, प्रतिकारशक्ती खालावलेल्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तर स्वतःहून जिवंत जिवाणू देऊच नयेत.

दूध टाळणाऱ्यांनी लेबल वाचताना एक बघावं : हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दूध असू शकतं. कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असेल तर ते प्राणिजन्य. दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या बाबतीत हे वाचन फारच गंभीरपणे करायला हवं.

जिवाणू जे देऊ शकत नाहीत

‘आंबवलेलं खातो, मग बी-१२ मिळतंच’ हे वाक्य मी पालकांकडून वारंवार ऐकतो. ते धोक्याचं आहे. बी-१२ जीवनसत्त्व निसर्गात फक्त सूक्ष्मजीव तयार करतात हे खरं. आपल्या मोठ्या आतड्यातले जिवाणूही ते करतात. पण आपलं शरीर बी-१२ शोषतं ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे आधीच्या स्टेशनवर. मोठ्या आतड्यात तयार झालेला माल उलट्या दिशेनं येत नाही. इडली, कांजी, मोड आलेली कडधान्यं यांत भरवशाचं बी-१२ नसतं. स्पिरुलिनामध्ये जे बी-१२ म्हणून मोजलं जातं, त्यातलं बरंचसं माणसाच्या उपयोगी पडत नाही.

आणि हा प्रश्न दूध पूर्ण बंद करणाऱ्यांपुरता नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ कमी होतं. चहापुरतं दूध, सणापुरतं दही, एवढ्यानं भागत नाही. आईलाच बी-१२ कमी असेल तर तिच्या दुधातही ते कमी उतरतं. अशा बाळाची वाढ खुंटते, हसणारं-बसणारं बाळ मागे पडायला लागतं, हातापायांना कंप येऊ शकतो. वेळेत ओळखलं तर उपचार सोपा आहे. उशीर झाला तर झालेलं सगळं नुकसान भरून येईलच असं नाही.

म्हणून दूधही न घेणाऱ्या प्रत्येक घरात, आणि दूध नावापुरतंच घेणाऱ्या घरातही, बी-१२ ची रक्ततपासणी करून डॉक्टरांकडून गोळीची मात्रा ठरवून घ्या. आधी मुलांची आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या आईची. वर्गात सतत थकलेलं, फिकट, हातापायांना मुंग्या येतात म्हणणारं मूल दिसलं तर त्याला आळशी ठरवण्यापूर्वी पालकांशी एकदा बोला. आणि गोळी वनस्पतिजन्य आहारात बसते का, असं कोणी विचारलं तर खुशाल ‘हो’ म्हणा. हे बी-१२ मोठ्या टाक्यांमध्ये जिवाणू वाढवून, त्यांच्याकडूनच तयार करून घेतात.